मुखाचे व मानेचे विकार : त्यांची परीक्षा व उपचार

गेल्या माघी पौर्णिमेस नववीच्या वर्गातील तीस विद्यार्थी बरोबर घेऊन आम्ही कचारगडास गेलो होतो. गोंदियाहून आगगाडीने निघावे, आमगाव व सालेकसा ही स्थानके मागे टाकून दरेकसा येथे उतरावे, तेथून धनेगाव गाठावे आणि मग रानातील वाटेने डोंगर चढून गुहेपाशी पोहोचावे, असा हा मार्ग आहे. या दिवसांत तेथे गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा दूरदूरच्या प्रांतांतून लोक येतात आणि 'जय सेवा' या अभिवादनाने सारी वाट दुमदुमत असते. गोंड परंपरा असे सांगते की, कली कंकाली मातेची मुले या गुहेत कोंडली गेली होती व गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगो यांनी हिरासुका पाटालीर या वादकाच्या साहाय्याने ती शिळा दूर सारली व मुलांस मुक्त केले. यात्रेचे वर्णन मुलांनी आपापल्या निबंधांत केलेच आहे, तेव्हा आम्ही त्यात शिरत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या डोंगराच्या पायथ्याशी पाहिलेल्या एका निराळ्याच गोष्टीविषयी.

गुहेतून उतरल्यावर एका मोहाच्या झाडाखाली आम्ही शिदोरी सोडली. शेजारीच बालाघाटकडील एक कुटुंब जेवावयास बसले होते. वृद्ध आईबाप भातभाजी खात होते. त्यांचा सुमारे तीस वर्षांचा मुलगा मात्र भात पाण्यात कुसकरून, चिमटीने थोडा थोडा ओठांतून आत सारीत होता. आमच्या मुलांनी मिरचीचा ठेचा पुढे केला तेव्हा त्याने हात जोडून नको म्हटले. तोंड सदैव भाजल्यासारखे होते, तिखट लागले की डोळ्यांत पाणी येते, असे तो म्हणाला, आणि हे शब्दही मिटल्या दातांमागून यावेत तसे आले. तोंड किती उघडते, असे आम्ही विचारले. त्याने उघडून दाखविले. त्यात एक बोट कसेबसे शिरले असते. तेराव्या वर्षापासून आपण खर्रा खातो, तोंड चारपाच वर्षांपासून आखडत चालले आहे, आणि अलीकडे गालाच्या आतून एक व्रण झाला आहे, पण तो दुखत नाही म्हणून कोणास दाखविला नाही, असे त्याच्याकडून कळले. व्रण दुखत नाही हीच त्यातील चिंतेची बाजू होती. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचे नाव एका कागदावर लिहून आम्ही त्याच्या वडिलांच्या हाती दिले व यात्रा संपताच तेथे जाण्याची विनवणी केली.

परतीच्या गाडीत मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. त्यांची जी उत्तरे आम्ही त्या वेळी अर्धवट दिली, ती येथे जरा सविस्तर देतो. आम्ही शास्त्र शिकवितो, वैद्य नव्हे. यास्तव हा मजकूर आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याकडून, जे आज दंतवैद्यकाचा व्यवसाय करितात, तपासून घेतला आहे.

मनुष्याच्या मस्तकापासून गळ्याच्या हाडापर्यंतचा भाग लांबीने वीतदीड वीत. परंतु पाहणे, ऐकणे, हुंगणे, चाखणे, चावणे, गिळणे, बोलणे व श्वास घेणे इतकी कामे एवढ्याशा जागेत चालतात. त्यामुळे तेथील रोगही नाना प्रकारचे. सुश्रुतसंहितेत एकट्या मुखाचेच पासष्ट रोग गणलेले आहेत आणि त्यांची सात ठिकाणे सांगितली आहेत : ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ, आणि सातवे म्हणजे सर्व मुख. त्याच ग्रंथात गलगंड, गंडमाळेसारख्या गाठी व अर्बुद यांचे निरनिराळे वर्णन आहे. जुन्या वैद्यांस गाठी गाठींत भेद आहे हे ठाऊक होते, आणि आजही परीक्षेचा आरंभ तेथूनच होतो.

मानेत हात फिरवून गाठ लागली की घरातील माणसे घाबरतात, किंवा उलट, तिजकडे दुर्लक्ष करितात. दोन्ही चूक. मानेत शेकडो लहान लहान लसिकाग्रंथी असतात. त्या शरीराच्या जणू चौक्या होत. घसा आला, दात किडला, डोक्यात उवांमुळे खाजवून जखमा झाल्या की त्या भागातील चौकी सुजते. अशी गाठ हातास मऊ, दाबल्यास दुखरी व जागची हलणारी असते आणि मूळ कारण गेल्यावर दोनतीन आठवड्यांत ओसरते. मुलांच्या मानेतील बहुतेक गाठी या जातीच्या असतात. जी गाठ महिना लोटला तरी जात नाही, एकीस एक चिकटून माळ होते, क्वचित वरची कातडी फुटून पू वाहतो, सायंकाळी बारीक ताप येतो व वजन घटते, ती बहुधा क्षयाची. तिलाच आपल्याकडे गंडमाळा म्हणतात. सुईने तिच्यातील थोड्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या व क्षयजंतूंची चाचणी केली की निदान होते. औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात, ती साधारणतः सहा महिने घ्यावी लागतात. दोन महिन्यांत गाठ बसली म्हणून औषध सोडणारे पुष्कळ असतात. पुढे रोग उलटतो तेव्हा तीच औषधे त्यांस लागू पडतीलच असे नाही.

गळ्याच्या मध्यभागी, कंठमण्याच्या खाली, पाण्याचा घोट घेताच जी गाठ वरखाली होते ती थायरॉइड ग्रंथीची. ही ग्रंथी श्वासनलिकेस बिलगलेली असल्यामुळे गिळताना नलिकेबरोबर तीही वर उचलली जाते. आरशासमोर पेला घेऊन कोणीही हे पाहावे. अन्नपाण्यात आयोडीन कमी पडल्यास ती फुगते, हाच गलगंड. हिमालयातील कांगडा खोऱ्यात १९५६ साली आरंभिलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंड पुष्कळ कमी होतो हे सिद्ध झाले आणि १९६२ साली सरकारने त्याविषयीची राष्ट्रीय योजना सुरू केली. थायरॉइडच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तथापि रक्त, ध्वनिलहरींचे चित्र व आवश्यक तर सुईची परीक्षा करून खात्री करून घेतलेली बरी.

आता राहिली ती तिसरी गाठ. वय चाळिशीपुढचे, तंबाखूची सवय, जबड्याच्या खालच्या बाजूस दगडासारखी टणक, न दुखणारी व आठवड्यागणिक वाढणारी गाठ. ही स्वतः रोगाचे मूळ नसून तोंडातील किंवा घशातील कर्करोगाने खाली धाडलेली असते. अशा माणसाची मान पाहण्याआधी तोंड पाहिले पाहिजे. त्याचप्रमाणे तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहणे, गिळताना अडकणे, एकाच कानात विनाकारण ठणका लागणे, एका नाकपुडीतून वरचेवर रक्त येणे, याही सूचना होत. कान दुखतो व रोग जिभेच्या मुळाशी असतो, कारण दोहोंकडील संवेदना वाहून नेणाऱ्या नसा मध्ये एकत्र येतात. ही गोष्ट आम्हांस प्रथम वाचताना मोठी नवलाची वाटली.

तोंडाच्या परीक्षेस मोठी यंत्रे लागत नाहीत. विजेरीचा प्रकाश, स्वच्छ बोट आणि पाच मिनिटे एवढे पुरे. ओठ उलटून पाहावेत; दोन्ही गाल आतून ताणून पाहावेत; जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, व वर टाळूला लावून तिच्याखालील जागा पाहावी; मान मागे टाकून टाळू पाहावा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसतो काय? मखमलीसारखा लाल डाग दिसतो काय? लाल डाग पांढऱ्यापेक्षा अधिक घातक. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण आहे काय, आणि बोटाने चाचपता त्याची बैठक टणक लागते काय? शेवटी तोंड पूर्ण उघडून स्वतःची तर्जनी, मधले बोट व अनामिका अशी तीन बोटे उभी एकावर एक धरून पुढील दातांमध्ये मावतात काय ते पाहावे. निरोगी माणसाची मावतात.

एवढ्या साध्या परीक्षेने काय होणार, असे कोणी म्हणेल. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून हा प्रयोग झाला. तेरा पंचायतींतील सुमारे एक लाख नव्वद हजार लोकांचे दोन भाग केले. एका भागात शिकवून तयार केलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन केवळ डोळ्यांनी तोंडे तपाशीत. दुसऱ्या भागात नेहमीची व्यवस्था चालू राहिली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागात सुमारे एकतृतीयांशाने कमी होते. आज तीस वर्षांवरील प्रत्येकाच्या तोंडाची अशी तपासणी सरकारी आरोग्यकेंद्रांतूनही व्हावयाची असते. आपण होऊन मागितली तर ती होते, असा आमचा अनुभव आहे.

त्या कचारगडच्या तरुणास झालेला मूळ विकार कर्करोग नव्हे. तो त्याच्या अलीकडचा मुक्काम होय. खर्रा म्हणजे काय हे या जिल्ह्यातील वाचकांस सांगणे म्हणजे काशीस गंगाजल नेणे होय; तथापि पालकांपैकी कित्येकांस त्यातील घटकांची कल्पना नसते. भाजक्या सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू व चुना हे प्लास्टिकच्या तुकड्यात घालून पानठेल्यावर खसाखसा घोटतात व त्याच प्लास्टिकची पुडी बांधून देतात. तंबाखू वाईट हे सर्वांस मान्य. सुपारी मात्र पूजेची, पाहुणचाराची, म्हणून निर्दोष मानली जाते. येथेच फसगत आहे. सुपारीत अॅरेकोलिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या योगे तोंडाच्या अस्तराखालील पेशी कोलॅजनचे तंतू वाजवीपेक्षा अधिक काढू लागतात. सुपारीतील तांबे व तुरट द्रव्ये या तंतूंस असे पक्के करून टाकतात की शरीरास ते पुन्हा विरघळविता येत नाहीत. गालाचे लवचीक अस्तर वाळलेल्या चामड्यासारखे पांढुरके व ताठ होते. प्रथम तिखट सोसत नाही, मग शीळ घालता येत नाही, फुंकर नीट मारता येत नाही, आणि मग तोंड उघडेनासे होते. पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या हिंदी स्त्रियांत हा विकार १९५२ साली श्वार्ट्झ यांनी नोंदविला आणि पुढील वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी आपल्या देशातील रोग्यांवरून त्याचे वर्णन केले. केरळात अशा सहासष्ट रोग्यांवर सतरा वर्षे लक्ष ठेविले असता शंभरात सातआठ या प्रमाणात त्यांस कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविना नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरविली आहे. 'आम्ही तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो' असे अभिमानाने सांगणाऱ्या आमच्या काही मित्रांस हे वाक्य दाखविले तेव्हा ते आम्हांवरच रुष्ट झाले.

या विकारावर उपचार आहेत, परंतु झालेली हानी संपूर्ण भरून काढणारा एकही नाही. पहिला उपचार म्हणजे सुपारी कायमची सोडणे. त्याने रोग बहुधा तेथेच थांबतो. रक्त कमी असेल तर लोह व जीवनसत्त्वे देतात. गालात सूज उतरविणारी व तंतू सैल करणारी औषधे टोचतात. आणि दिवसातून अनेक वेळा तोंड उघडण्याचा व्यायाम करावयास लावितात. तोंड एका बोटाइतकेच उरले असेल तर ताठलेले पट्टे कापून त्या जागी दुसरीकडील मऊ कातडी बसवितात. त्यानंतरही महिनोन् महिने व्यायाम न केल्यास तोंड पुन्हा आखडते.

कर्करोगाचा संशय आल्यास व्रणाच्या कडेचा लहानसा तुकडा, ती जागा बधिर करून काढतात व तपासतात. हाच त्याचा खरा निर्णय. रंगरूपावरून केलेला बाकी सर्व तर्क. 'हत्यार लागले की रोग पसरतो' अशी समजूत खेड्यांत व शहरांतही दृढ आहे. तिला आधार नाही. ती निर्माण का झाली हे मात्र समजण्यासारखे आहे. लोक तुकडा देण्यास येतात तेच मुळी उशिरा. त्यानंतर रोग वाढतो, तो आपल्या गतीने. आणि दोष हत्यारास लागतो. रानातील वैदूकडे जाणाऱ्यांस आम्ही हसत नाही. झाडपाल्याचे त्यांचे ज्ञान मोठे आहे. तीन आठवड्यांचा हिशेब त्यांनीही ठेवावा एवढेच आमचे मागणे आहे.

निदान पक्के झाल्यावर रोग किती खोल गेला, हाडात शिरला काय, मानेत उतरला काय, हे क्ष-किरणांच्या छेदचित्रांवरून पाहतात. व्रण दोन सेंटिमीटरहून लहान, उथळ व मान मोकळी असेल तर बहुतेक रोगी बरे होतात. मानेत एकही गाठ उतरली की बरे होण्याची आशा साधारण निम्म्यावर येते. मुखाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया हा मुख्य उपाय. रोग वाढलेला असल्यास तिच्यामागून सुमारे सहा आठवडे किरणोपचार व क्वचित त्यासोबत औषधे. मान वरून मोकळी दिसत असता तिच्यातील ग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत वाट पाहावी, हा प्रश्न शस्त्रवैद्यांत कित्येक वर्षे वादाचा होता. त्याचा निर्णय आपल्या मुंबईत लागला. परळ येथे १९४१ साली उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांचे सहकारी यांनी २००४ पासून दहा वर्षे रोग्यांची तुलना केली आणि २०१५ साली पाचशे जणांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी शेकडा ८० तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी शेकडा ६७.५. ज्यांस गणितात शेकडेवारी कशास शिकावी असे वाटते, त्या विद्यार्थ्यांनी या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे शंभरांतील किती घरे, याचा विचार करावा.

काढलेला भाग पुन्हा कसा भरून काढतात, हा प्रश्न मुलांनी गाडीत सर्वांत अधिक वेळा विचारिला. याचे उत्तर पुण्यापासून सुरू होते. इंग्रजांच्या सैन्यात कावसजी नावाचा एक गाडीवान होता. १७९२ सालच्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला; तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्यास नवे नाक करून दिले. त्याने प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा केला, तो सपाट करून कपाळावर ठेविला, भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडविली, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये मात्र ती जोडलेलीच ठेविली म्हणजे रक्त चालू राहावे, आणि मग ती वळवून खाली नाकाच्या जागी बसविली. दोन इंग्रज वैद्यांनी अशी क्रिया प्रत्यक्ष पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात तिचे वर्णन चित्रासह छापले गेले आणि ते वाचून कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तीच क्रिया केली. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेविले नाही, याचे आम्हांस नेहमी वाईट वाटते. कपाळाची ती कातडी आजही नाक घडविण्यास वापरतात. गालासाठी छातीवरील स्नायू वर आणतात, जिभेसाठी मनगटाजवळील पातळ कातडी, आणि जबड्यासाठी पायाच्या पोटरीतील बारीक हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून, केसाहून बारीक धाग्याने त्या मानेतील वाहिन्यांस जोडतात.

येथे एक गोष्ट लिहावी की न लिहावी याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या शाळेचे जुने शिपाई, ज्यांची घंटा ऐकून येथील दोन पिढ्या वर्गात शिरल्या, त्यांच्या जिभेच्या कडेला चार वर्षांपूर्वी व्रण झाला. जवळच्या एका दवाखान्यात 'उष्णता आहे' असे सांगून त्यांस पाच महिने मलम व जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. ते रोज आमच्यासमोर चहा निववून पीत. आम्ही शास्त्र शिकविणारे, पण एकदाही 'तोंड उघडा पाहू' असे म्हटले नाही. याहून लाजिरवाणे म्हणजे, मधल्या सुटीत शिक्षकांपैकी काही जण त्यांच्याच करवी खर्ऱ्याची पुडी आणवीत, आणि आणणाऱ्याचा वाटा म्हणून त्यातील चिमूटभर त्यांस मिळे. त्या शिक्षकांत आम्हीही होतो. नागपुरास त्यांची अर्धी जीभ व मानेतील ग्रंथी काढाव्या लागल्या. खर्चाचा मोठा भाग महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. आज ते बरे आहेत व कामावर येतात. पूर्वी ते प्रत्येक मुलास नावाने हाक मारीत. आता 'र' व 'ल' ही अक्षरे त्यांच्या तोंडून नीट उमटत नाहीत, म्हणून ते हाक न मारता खांद्यास हात लावतात. हा मजकूर त्यांस वाचून दाखविला. ते म्हणाले, छापा.

२००३ सालच्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत व अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास मनाई आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. कायदा असा आहे, आणि आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे दर शनिवारी सफाईत प्लास्टिकच्या पुड्या सापडतात. त्या सर्व विद्यार्थ्यांनी स्वतः विकत घेतलेल्या असतात असे आम्हांस वाटत नाही. वडिलांसाठी, मामांसाठी, पाहुण्यांसाठी पानठेल्यावर धाडलेले मूल वाटेत पुडी उघडून पाहणार, चाखणार. हे न घडले तरच नवल. पालकांस आमची कळकळीची विनंती एवढीच की, स्वतःचे सुटत नसेल तर निदान स्वतः जाऊन आणावे.

आता त्या परतीच्या प्रवासाकडे वळू. दरेकसा स्थानकावर गाडीस अवकाश होता. तीन बोटांची परीक्षा सांगितल्याबरोबर मुलांनी फलाटावरच ती एकमेकांवर सुरू केली व मोठी हसाहशी झाली. एक मुलगा मात्र बाकाच्या टोकाशी पाठ फिरवून उभा होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्याने आपण होऊन दोन बोटे तोंडात घालून दाखविली, आणि तिसरे नुसते ओठांवर टेकविले. "गुरुजी, घरी सांगू नका," एवढेच तो म्हणाला. आम्ही सांगितले. त्याचे वडील दुसऱ्याच दिवशी शाळेत आले, बराच वेळ काही न बोलता बसले, आणि मग खिशातील पुडी काढून त्यांनी आमच्या टेबलावर ठेविली.

दंत महाविद्यालयात मुलाच्या वरच्या व खालच्या पुढील दातांमधील अंतर २९ मिलिमीटर भरले. त्याच्या वयास ते चाळिशीपुढे असावयास हवे. गालाचे अस्तर पांढुरके झाले होते, व्रण किंवा चट्टा नव्हता. औषधे मिळाली आणि व्यायाम सांगितला. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धराव्यात, काही मिनिटे तशाच ठेवाव्यात, आणि सोसेल तशी दर काही दिवसांनी एकेक काडी वाढवावी. सकाळी, मधल्या सुटीत, सायंकाळी व निजताना असे चार वेळा तो हे करितो. मधल्या सुटीतील काड्या आमच्या कपाटात असतात आणि शिपाईकाका वेळेवर त्याच्या खांद्यास हात लावून आठवण देतात. दर रविवारी तो पट्टीने अंतर मोजून भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो. ही वही आम्ही त्याच्या व त्याच्या वडिलांच्या परवानगीने पाहिली. पहिल्या महिन्यात आकडा हलला नाही. दुसऱ्यात ३१ झाला, मग एकदा मागे हटून ३० वर आला, त्या आठवड्यात त्याने व्यायाम चुकविला होता असे त्यानेच कंसात लिहिले आहे. हा अंक छापावयास जाण्याच्या आदल्या रविवारी तेथे ३४ लिहिलेले आहे.